‘जोराचा’ पाऊस आणि ‘जोराचा’ वारा

इंग्रजीत एखादा शब्द कोणत्या शब्दाच्या सोबतीने सहजपणे येतो, हे त्या भाषेच्या रुळलेल्या वापराने ठरते आणि अशा जोडीला भाषाविज्ञानात शब्दसाहचर्य किंवा ‘कोलोकेशन’ म्हणतात. मराठी माध्यमातून शिकलेला विद्यार्थी इंग्रजी लिहिताना पुष्कळदा याच ठिकाणी अडखळतो, कारण त्याला शब्द माहीत असतात, व्याकरणही येत असते, पण शब्दांची सोबत तो नकळत मराठीतून उचलतो. मराठीत पाऊसही जोराचा आणि वाराही जोराचा. इंग्रजीत पाऊस ‘हेवी’ असतो, तर वारा ‘स्ट्राँग’. ‘स्ट्राँग रेन’ लिहिणाऱ्याचा अर्थ वाचकाला कळतो, तरीही वाक्य कानाला खटकते. चहा ‘स्ट्राँग’ असतो, ‘पॉवरफुल’ नसतो, आणि मोटारीच्या बाबतीत मात्र उलट, हे हॅलिडे या भाषावैज्ञानिकाने 1966 मध्ये दाखवलेले उदाहरण याच जातीचे आहे.

खरी कसोटी क्रियापदांची आहे. मराठीतले एकटे ‘करणे’ चूक, गृहपाठ, प्रयत्न, व्यायाम, फोन, गुन्हा या सगळ्यांना पुरते. इंग्रजीत चूक आणि फोन ‘मेक’ करतात, गृहपाठ ‘डू’ करतात आणि गुन्हा ‘कमिट’ करतात. नवे निर्माण होत असेल तर ‘मेक’ आणि काम पार पाडायचे असेल तर ‘डू’, हा वर्गात सांगितला जाणारा नियम चुकीपाशीच कोलमडतो, म्हणून नियमापेक्षा जोडीच पाठ करणे अधिक भरवशाचे ठरते. ‘परीक्षा देणे’ या प्रयोगावरून आलेले ‘गिव्ह अ‍ॅन एक्झाम’ भारतात सर्रास चालते आणि इथे त्याला चूक म्हणणे अन्यायाचे होईल. मात्र ब्रिटिश वाचकाला त्यातून परीक्षा घेणारा शिक्षक दिसतो.

या जोड्यांचा पद्धतशीर संग्रह हॅरल्ड पामर यांनी टोकियोत केला आणि त्याचा अहवाल 1933 मध्ये निघाला. त्यांचे सहकारी हॉर्नबी यांनी 1942 मध्ये तिथेच सिद्ध केलेला कोश पुढे ऑक्सफर्डचा प्रसिद्ध विद्यार्थी-कोश झाला. आज हेच काम संगणकावरच्या मजकूर-संग्रहातून, म्हणजे ‘कॉर्पस’मधून, करता येते. ‘मिस्टेक’ हा शब्द शोधला की तो पडद्याच्या मध्यभागी एकाखाली एक रचला जातो आणि प्रत्येक ओळीत त्याच्या दोन्ही बाजूंचे मूळ वाक्य तुटक स्वरूपात दिसते. अशा ओळी आडव्या वाचायच्या नसतात. नजर डावीकडच्या शब्दांवरून सरळ खाली न्यायची असते. तसे केले की ‘मेक’ पुन्हा पुन्हा भेटतो, अधूनमधून ‘अ‍ॅडमिट’ आणि ‘करेक्ट’ येतात, विशेषणांत ‘सीरियस’ आणि ‘कॉमन’ दिसतात, आणि ‘डू’ शोधूनही क्वचितच सापडतो.

यानंतर वहीची मांडणी बदलावी लागते. एका रकान्यात शब्द आणि दुसऱ्यात मराठी अर्थ, या जुन्या पद्धतीत शब्द एकटाच राहतो; त्याऐवजी नाम मध्ये लिहून डावीकडे त्याची क्रियापदे व विशेषणे, आणि खाली संपूर्ण जोडीचा मराठी पर्याय लिहिला, तर ‘हेवी रेन’समोर ‘जड पाऊस’ न येता ‘मुसळधार पाऊस’ येतो. ‘मुसळधार वारा’ मराठी माणूस कधीच म्हणत नाही, आणि तो का म्हणत नाही याचे कारण त्याला कोणी शिकवलेले नसते. घरात आणि अंगणात हजारदा ऐकून त्याचा कान तयार झालेला असतो. इंग्रजीचे इतके ऐकणे वाट्याला येत नाही म्हणून वहीतला डावा रकाना हाताने झाकायचा, मधले नाम वाचून त्याचे सोबती आठवायचे आणि जो आठवला नाही त्याच्यासाठी पुन्हा कॉर्पसमधल्या त्या ओळींकडे जायचे.