नाण्यावरील खूण : टांकसाळीची की घावाची?

नगर तालुक्यातील हिवरे बाजार आज आदर्श गाव म्हणून ओळखले जाते. १९७२ च्या दुष्काळानंतर मात्र याच गावातील अनेक कुटुंबांना पोटासाठी बाहेर पडावे लागले होते. अशा कोरडवाहू मुलखात चांदीचा रुपया ही अडीअडचणीची ठेव असे. अवर्षणाच्या वर्षी गाठीचे रुपये सराफाच्या पेढीवर येत आणि चांदीच्या भावाने मोडीत जात. जे वाचले ते आज देव्हाऱ्यात किंवा तिजोरीत आहेत. वाटणीच्या वेळी ते बाहेर निघाले, की त्यांवरील एखादे टिंब वा ओरखडा शंका निर्माण करतो. पारख चुकली तर मौल्यवान नाणे चांदीच्या भावाने जाते, अथवा ठेचलेले नाणे ‘दुर्मीळ’ म्हणून गळ्यात पडते.

मूळ कसोटी सोपी आहे. टांकसाळीची खूण ठशातच कोरलेली असते. त्यामुळे त्या ठशाने पाडलेल्या प्रत्येक नाण्यावर ती त्याच जागी, त्याच आकारात उमटते आणि शेजारच्या अक्षरांइतकीच झिजते. घाव मात्र एकाच नाण्यावर असतो. घावाने खळगा पडतो आणि दबलेला धातू खळग्याच्या काठाशी उचलला जातो. भिंगातून हा काठ स्पष्ट दिसतो. बारीक, उठावदार, वेडीवाकडी रेघ असेल, तर ती बहुधा ठशाला गेलेल्या तड्याची असते. ती खूणही नव्हे आणि घावही नव्हे.

पंचम जॉर्जच्या रुपयाच्या मागील बाजूस तळाच्या कमळाखाली उठावदार टिंब असेल, तर तो मुंबईचा. कलकत्त्याच्या रुपयावर ते नसते. म्हणजे खूण नसणे हा दोष नव्हे. आजच्या नाण्यांवरही हीच रीत आहे. वर्षाच्या आकड्याखाली मुंबईचा चौकट, हैदराबादचा तारा, नोएडाचे टिंब असते. कोलकात्याची जागा मात्र कोरी असते.

हाताने पाडलेल्या नाण्यांची गोष्ट निराळी. मुघल काळात अहमदनगर येथेही टांकसाळ होती आणि तिचे नाव फारसी लिपीत नाण्यावर येई. पेशवेकालीन अंकुशी रुपयावर अंकुशाचे चिन्ह असे. ठसा चकतीपेक्षा मोठा असल्याने नाव अर्धेच उमटे किंवा काठाबाहेर जाई. हे तुटणे नव्हे, ती घडणीचीच रीत होय.

तिसरा प्रकार व्यापारी घराण्यांना विशेष जवळचा आहे, तो म्हणजे सराफी ठसा. निरनिराळ्या टांकसाळींच्या रुपयांत चांदीचा कस वेगवेगळा असे आणि त्यानुसार बट्टा ठरे. म्हणून पोतदार व सराफ नाणे वाजवून, तोलून पाहत. आत हलका धातू तर नाही ना, हे तपासण्यासाठी त्यावर लहान छिन्नी मारत किंवा आपली खूण ठोकत. फूल, चांदणी, अक्षर अशा या खुणा मजकुराची पर्वा न करता कोठेही पडलेल्या असतात. १८३५ साली कंपनी सरकारने १८० ग्रेन, म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅम वजनाचा एकसारखा रुपया आणल्यावर या तपासणीची गरज हळूहळू ओसरली. संग्राहक अशा ठशामुळे किंमत कमी करतात. तथापि एका अनोळखी पेढीने या चांदीची दिलेली ती हमी आहे. ती घासून काढणे म्हणजे दुसरे नुकसान.

माळेत ओवलेल्या रुपयांच्या काठावर कडीचा डाख किंवा बुजवलेले भोक आढळते. तेथील रंग व पोत वेगळा असतो आणि वजनही जुळत नाही. चिंच वा राख लावून नाणे उजळू नये. त्याने घाव जात नाही, उलट टांकसाळीची बारीक खूण मात्र पुसट होते.

विक्रीच्या पावतीवर सराफी ठसा, डाख व भोक यांचा उल्लेख अवश्य करावा. भाव थोडा उतरेल, पण पेढीच्या नावाला बट्टा लागणार नाही.