माकडहाडावरचा लाल डाग साधा नव्हे. बेडसोर कसा वाढतो, घरी काय करावे?

बेळगाव : खुब्याचे ऑपरेशन झालेल्या किंवा लकवा मारलेल्या माणसाला दवाखान्यातून घरी आणले की घरच्यांचे सगळे लक्ष गोळ्यांच्या वेळांकडे असते. चंदगड-खानापूरकडून बेळगावात येणाऱ्यांच्या हाती पडणारे डिस्चार्ज कार्ड बहुधा इंग्रजीत. त्यात ‘कूस बदला’ अशी ओळ असली तरी ती कुणी वाचून सांगत नाही. मग काही दिवसांत माकडहाडावर लाल डाग दिसतो आणि घामोळे समजून त्यावर पावडर मारली जाते. बेडसोरची सुरुवात इथेच होते.

हाड आणि गादी यांच्यात मांस दाबले गेले की तिथल्या बारीक रक्तवाहिन्या बंद होतात. रक्त न मिळालेला भाग मरू लागतो. माकडहाड, खुबे, टाचा, घोटे, खांदे आणि डोक्याची मागची बाजू या धोक्याच्या जागा. नुकसान अनेकदा आतून, हाडाजवळून सुरू होते. म्हणूनच वर रुपयाएवढे दिसणारे तोंड आत मोठा खड्डा लपवून असते.

पहिल्या टप्प्यात कातडी फाटलेली नसते. डागावर बोट दाबून सोडा. जागा क्षणभर पांढरी पडली नाही, लालच राहिली, तर दाब लागला आहे असे समजा. सावळ्या अंगावर लाली दिसत नाही. तिथे हात लावून पाहावे. जागा आजूबाजूपेक्षा गरम, कडक किंवा जांभळट लागते. दुसऱ्या टप्प्यात फोड येतो किंवा साल निघते. तिसऱ्यात खड्डा पडून चरबी दिसते, चौथ्यात स्नायू नाहीतर हाड उघडे पडते. वर काळी खपली किंवा पिवळा थर असेल तर खोली डॉक्टरांनाही लगेच सांगता येत नाही. टाचेवरची कोरडी, घट्ट काळी खपली घरी ओढून काढू नये.

पहिल्या टप्प्यात दाब काढला तर जागा बहुतेक वेळा सुधारते. पुढच्या टप्प्यांना महिने लागतात, कधी ऑपरेशनही. त्यामुळे सगळा खेळ कूस बदलण्याचा. साधारण दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा. घरात एकच सून किंवा लेक करणारी असेल तर हे होणे कठीण, हे मान्यच. रात्रीची पाळी वाटून घ्यावी लागते. पूर्ण कुशीवर नको, पाठीमागे उशी देऊन थोडे कलते ठेवा. पोटऱ्यांखाली उशी घालून टाचा अधांतरी ठेवा. वर सरकवताना काखेत धरून ओढू नका, त्याने आतली कातडी फाटते. दोघांनी चादरीसकट उचला. जेवण सोडून इतर वेळी डोक्याकडची बाजू फार उंच नको.

हवेची गादी उपयोगी आहे, पण ती आणली म्हणून कूस बदलणे सुटत नाही. बसायला कापडाची चुंबळ किंवा हवेची रिंग देण्याची आपल्याकडे जुनी सवय. ती मोडायलाच हवी, कारण कडेला दाब वाढून मधला रक्तपुरवठा तुटतो. लाल जागा चोळूही नये.

लघवी-शौचाने ओली झालेली जागा लगेच पुसून कोरडी करा. मेणकापड थेट अंगाखाली नको. जखमेवर हळद, स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड नको. सलाईनने धुवावी आणि ड्रेसिंग कोणते, हे डॉक्टर किंवा नर्सकडून ठरवून घ्यावे. पेज-भातावर जखम भरत नाही. डाळ, दूध, अंडी, मासे असे प्रथिनांचे खाणे लागते. मूत्रपिंडाचा आजार असेल तर आधी विचारावे. साखर असेल तर ती आटोक्यात हवी.

फोड आला, साल निघाली तर डॉक्टरांना दाखवा. वास, पू, ताप, भोवती पसरणारी लाली, हाड दिसणे किंवा म्हातारा माणूस अचानक बडबडायला अथवा गुंगीत जायला लागणे यांपैकी काही दिसले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.