पिन तिचा, मग जोखीम कोणाची?

जाम म्हणजे नागपूर-हैदराबाद महामार्गावरचा चौरस्ता. चंद्रपूरची वाट इथूनच फुटते. रात्रंदिवस ट्रक, एस.टी., उतारूंची वर्दळ. "चौरस्त्यावर पर्स सांभाळा गं पोरींनो," असं सासूबाई नेहमी बजावत. माझी नणंद तिथेच संसार करते. तिनं पर्स जन्मभर सांभाळली. पण चोरी झाली ती स्वयंपाकघरात, भर दुपारी, दाराला आतून कडी असताना!

ती घरी पापड, कुरड्या, सरगुंडे करून विकते. एके दिवशी फोन आला, "लष्करातला जवान बोलतोय. वीस किलो पापड हवेत. पैसे आगाऊ पाठवतो." पाठोपाठ मोबाईलवर ते ठिपक्यांचं चौकोनी चित्र आलं. "एवढं स्कॅन करा, पिन टाका, की पैसे जमा." तिनं टाकला. जमा व्हायचे सोडून आठ हजार रुपये वजा झाले!

"वहिनी, यायले सांगू कशी? म्हनतीन, तुले कोनं सांगतलं होतं मोबाईलवर धंदा कराले?" अकरा दिवस ती तोंड मिटून बसली. तोवर पैसे कुठल्या कुठे गेले.

मैत्रिणींनो, पूर्वी बाजारात कुणाचं पाकीट मारलं, तर अख्खी आळी हळहळायची, चोराला शिव्या द्यायची. मग आताच 'तुला अक्कल नव्हती का?' असं फसलेल्या बाईलाच का विचारतात?

१९८६ साली जर्मन समाजशास्त्रज्ञ उलरिख बेक यांनी 'जोखमीचा समाज' अशा अर्थाच्या नावाचं पुस्तक लिहिलं. त्याच वर्षी चेर्नोबिलच्या अणुभट्टीचा अपघात झाला होता. बेक यांचं म्हणणं असं, की नव्या काळातले मोठे धोके माणसानं उभारलेल्या यंत्रांतून आणि व्यवस्थांतून येतात. ते निस्तरणं मात्र एकेकट्या माणसाच्या गळ्यात पडतं आणि व्यवस्थेतली उणीव ही त्याचीच चूक ठरते.

घरचंच उदाहरण पाहा ना. बँकेच्या खिडकीत कारकून सही ताडून पाहायचा, शंका आली तर विचारायचा. २०१६ साली यूपीआय आलं आणि तो कारकून आपल्या ओट्याशी येऊन बसला. सोय मोठी झाली, बाईच्या कमाईला तिचं स्वतःचं खातं मिळालं, हे खरंच. पण सही ताडायचं कामही तिच्यावरच आलं. जुलै २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेनं परिपत्रक काढलं. बँकेचा किंवा ग्राहकाचा दोष नसताना पैसे गेले आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर ग्राहकाला तोशीस नाही. पण ग्राहकाच्याच हलगर्जीपणानं गेले, तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, असं त्यात म्हटलं होतं. म्हणजे गप्प बसणं किती महाग पडतं, ते पाहा!

याची दुसरीही बाजू आहे. जिथं बोलायला हवं तिथं आपण गप्प बसतो आणि जिथं थांबायला हवं तिथं भराभर संदेश पुढे ढकलतो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात आठवडी बाजार होता. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाईलवरून फिरत होती. भिक्षा मागत आलेल्या, मंगळवेढ्याकडच्या पाच निरपराध माणसांना जमावानं ठेचून मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल, असं बंधन जाहीर केलं. पण पुढे ढकलणारं बोट कुणातरी काळजीवाहू आईचंही असेलच ना?

तेव्हा भगिनींनो, एवढं पदराला गाठ बांधून ठेवा. पैसे घ्यायला पिन लागत नाही, फक्त द्यायला लागतो. फोनवरून 'डिजिटल अटक' करायची सोय कुठल्याही कायद्यात नाही. पोलिसाच्या वेषातला माणूस पडद्यावर दिसला तरी खुशाल फोन ठेवा. फसगत झालीच, तर रडत बसू नका, लगेच १९३० हा क्रमांक फिरवा आणि बँकेलाही कळवा. वेळेवर कळलं, तर पुढच्या खात्यात पैसे अडवता येतात. आणि घाबरवणारा संदेश आला, तर खात्री होईपर्यंत तो आपल्याजवळच राहू द्या.

आणि घरच्या मंडळींनाही एक सांगणं आहे. ती सांगायला आली, तर आधी "केव्हा झालं?" विचारा, "कसं केलंस?" नंतर.

नणंदेनं पुढे भिशीच्या दिवशी सगळं सांगून टाकलं. क्षणभर सगळ्या चिडीचूप. मग समोरची एकजण हळूच म्हणाली, "माह्ये बी गेले होते गं, तीन हजार." तिच्यामागून आणखी एक बोलली. आठ हजार काही परत आले नाहीत. पण त्या दिवशी भिशीतल्या प्रत्येकीनं १९३० मोबाईलमध्ये टिपून घेतला.