जुन्या पिकअपचा जीर्णोद्धार : गैरसमज आणि वस्तुस्थिती

पुढे चालकाची बंदिस्त केबिन आणि मागे मालासाठी उघडा हौदा असलेले हलके वाहन म्हणजे पिकअप. फोर्ड कंपनीने १९२५ साली ‘मॉडेल टी’ या मोटारीला कारखान्यातच हौदा जोडून ती २८१ डॉलरला विक्रीस आणली. त्यापूर्वी मालक मंडळी मोटार विकत घेऊन तिच्या मागे हौदा स्वतंत्रपणे बसवून घेत, म्हणजे या वाहनप्रकाराची सुरुवातच मुळी फेरफाराच्या खटाटोपातून झालेली आहे. महाराष्ट्राचा या इतिहासाशी जवळचा संबंध आहे, कारण विलीज जीपची जुळणी मुंबईत १९४० च्या दशकाच्या अखेरीस होऊ लागली आणि १९८८ साली टेल्को या वाहन कंपनीने पुण्यात बनवलेली टाटामोबाइल ही पिकअप बाजारात आणली. बाजार समितीत भाजीपाला नेऊन झिजलेल्या अशा गाड्या आता हौसेने पुन्हा उभ्या केल्या जातात, आणि त्या हौसेसोबत काही समजुतीही पसरल्या आहेत.

त्यांतील सर्वांत मूलभूत समजूत अशी की, जीर्णोद्धार आणि रूपांतर ही एकाच कामाची दोन नावे आहेत. वस्तुतः जीर्णोद्धारात गाडी कारखान्यातून बाहेर पडली त्या स्थितीकडे परत न्यायची असते, तर रूपांतरात, म्हणजे बोलीतल्या ‘मॉडिफाय’ करण्यात, तिला त्या स्थितीपासून दूर न्यायचे असते. पहिल्यात मूळ सुटा भाग दुरुस्त करणे श्रेयस्कर ठरते, तर दुसऱ्यात तोच भाग अडगळ ठरतो. दोन्ही एकाच गाडीवर थोडे थोडे करणाऱ्याच्या पदरी बहुधा दोहोंचा खर्च पडतो आणि लाभ एकाचाही पडत नाही. कायदाही या दोन वाटा वेगळ्या मानतो.

‘गाडी आपली, तेव्हा बदलही आपल्या मर्जीचे’ ही समजूत मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ पुढे टिकत नाही. नोंदणी प्रमाणपत्रातील, म्हणजे ‘आरसी बुका’तील, तपशील उत्पादकाने मुळात ठरवलेल्या तपशिलांशी विसंगत होतील असा बदल मालकाला करता येत नाही, असे हे कलम सांगते, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळमधून आलेल्या एका प्रकरणात हाच अर्थ ठामपणे मांडला. याचा अर्थ कशालाच हात लावता येत नाही असा मात्र नाही: रंगासारखा तपशील नोंदणी प्राधिकाऱ्याकडे नोंदवून बदलता येतो, इंधनाचा प्रकार मान्यताप्राप्त संचाच्या आधारे परवानगीने बदलता येतो आणि निकामी इंजिनाच्या जागी त्याच बनावटीचे व प्रकारचे इंजिन बसवून त्याचा क्रमांक नोंदवता येतो, पण चासी लांबवणे किंवा हौदा काढून त्या जागी प्रवाशांची बैठक उभारणे या गोष्टी त्या चौकटीत बसत नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार अशा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

पन्नास वर्षे जुनी गाडी आपोआप ‘व्हिंटेज’ ठरते, हा समजही अपुरा आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या दुरुस्तीने पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे उलटलेल्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा क्रमांक देण्याची सोय केली आणि तिचे शुल्क २०,००० रुपये ठेवले. मात्र गाडी मूळ रूपात राखलेली असावी, चासी, सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा आणि वापर खासगी असावा, अशा अटी सोबत आहेत. मालवाहू म्हणून नोंदलेल्या पिकअपच्या बाबतीत शेवटची अटच पहिला अडसर ठरते. शिवाय असा क्रमांक मिळाल्यावर गाडी रोजच्या वापरात आणता येत नाही. प्रदर्शन, व्हिंटेज फेरी, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर येऊ शकते. याउलट, पंधरा वर्षांनंतर प्रत्येक गाडी भंगारातच जाते ही भीती दिल्ली परिसरापुरत्या निर्बंधांवरून देशभर पसरलेली आहे; अन्यत्र खासगी वाहनाच्या नोंदणीचे तपासणीनंतर पाच पाच वर्षांसाठी नूतनीकरण होते.

गॅरेजमधील गैरसमजांत गंजाविषयीचे अधिक महाग पडतात. गंज हा पृष्ठभागावरचा डाग असून घासून रंग मारला की संपतो, असे मानले जाते. प्रत्यक्षात लोखंडाचा गंज मूळ धातूपेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो, त्यामुळे दोन पत्र्यांच्या सांध्यात धरलेला गंज पाचरीसारखा काम करून तो सांधा आतून उकलतो, आणि वरचा रंग शाबूत दिसत असताना खालचा पत्रा चाळणी झालेला असतो. गंज-रूपांतरक म्हणून मिळणारी फॉस्फोरिक किंवा टॅनिक आम्लाची द्रावणे घट्ट चिकटलेल्या पातळ गंजाचे स्थिर संयुगात रूपांतर करतात, हे खरे. परंतु खपल्या निघणाऱ्या गंजावर ती निरुपयोगी ठरतात आणि झिजलेली जाडी तर कोणतेच द्रावण परत देत नाही, त्यासाठी कुजलेला भाग कापून नवा पत्रा वेल्ड करणे हाच उपाय उरतो. वाळूच्या झोताने पत्रा स्वच्छ करताना तो केवळ उष्णतेने वाकतो, हाही अर्धसत्य समज आहे: असंख्य कणांच्या ठोक्यांनी पत्र्याचा वरचा थर पसरतो, खालचा थर पसरत नाही आणि रुंद पत्र्याला फुगवटा येतो. शिवाय वाळूच्या धुळीतील सिलिका फुप्फुसात साचून सिलिकोसिस हा असाध्य विकार जडतो. कारागिराच्या तोंडावरचा रुमाल त्यापासून संरक्षण देत नाही. पुट्टीची बदनामी मात्र काहीशी अनाठायी आहे, कारण स्वच्छ, कोरड्या आणि आधी ठोकून सरळ केलेल्या पत्र्यावर दोन-तीन मिलिमीटरपर्यंतचा थर वर्षानुवर्षे टिकतो. भोक बुजवण्यासाठी ती वापरली की मागून ओल शोषून ती रंगासकट सुटते.

मोठी चाके आणि उंच उचललेली गाडी म्हणजे अधिक सामर्थ्य, ही समजूत तरुण मालकांत विशेष आढळते. टायरचा व्यास दहा टक्क्यांनी वाढला, तर वेगमापक ताशी ५० किलोमीटर दाखवत असताना गाडी ५५ ने धावत असते, आणि ब्रेक तेच राहिल्याने त्यांची जमिनीवर पडणारी पकडशक्ती सुमारे दहा टक्क्यांनी घटते. चाकाला मिळणारा ओढही त्याच प्रमाणात उणावतो, तेव्हा अपेक्षित सामर्थ्याच्या नेमका उलट परिणाम हाती लागतो. कमानपाटे उंचावल्याने गुरुत्वमध्य वर जातो आणि वळणावर गाडी उलटण्याचा संभव वाढतो, हे सहज समजते. परंतु प्रोपेलर शाफ्टच्या सांध्यांचा कोन वाढून तेथे कंप सुरू होतो, ही बाब बहुतेकदा सांधे निकामी झाल्यावरच ध्यानात येते.

‘जुना पत्रा जाड, म्हणून जुनी गाडी सुरक्षित’ या वाक्याला तर लोकोक्तीचेच वजन लाभले आहे. अमेरिकेतील महामार्ग सुरक्षा विमा संस्थेने २००९ मध्ये १९५९ ची शेव्हरोले बेल एअर आणि २००९ ची शेव्हरोले मालिबू यांची ताशी सुमारे ६४ किलोमीटर वेगाने समोरासमोर, पण अर्ध्या बाजूने, टक्कर घडवली. जुन्या गाडीची केबिन चेपून तिच्यातील चालकाची प्रतिकृती जीवघेण्या आघातांत सापडली, तर नव्या गाडीतील प्रतिकृतीला पायाच्या किरकोळ दुखापतीपलीकडे इजा दिसली नाही. त्या गाड्या पिकअप नव्हत्या, पण तत्त्व तेच आहे: आधुनिक गाडीचा पुढचा भाग ठरवून दुमडतो आणि धक्क्याची ऊर्जा गिळतो, जुनी गाडी ती ऊर्जा माणसापर्यंत पोचवते. म्हणून मूळ रूपाचा आग्रह धरणारे जाणकारही आसनपट्ट्यांच्या बाबतीत सहसा तो सोडून देतात.

इंधनाविषयीची जुनी भीती शिशाची आहे. भारतात २००० साली शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले आणि जुन्या इंजिनांच्या झडपांच्या बैठका झिजतील असे सांगितले गेले; तसे घडते, पण मुख्यतः दीर्घकाळ भरधाव किंवा जड ओझ्याने चालणाऱ्या इंजिनात, आणि कठीण धातूच्या बैठका बसवल्या की तो प्रश्न मिटतो. आजचा धोका निराळा आहे. वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल जुन्या रबरी नळ्या आणि इंधनपंपाचे पडदे मऊ करते, हवेतली ओल शोषते आणि महिनोन्महिने उभ्या असलेल्या गाडीच्या टाकीत गंज धरवते, त्यामुळे पेट्रोलवर चालणाऱ्या जुन्या पिकअपमध्ये रंगाच्या छटेची निवड होण्याआधी या नळ्या आणि पडदे इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे करून घ्यावे लागतात.