उष्ट्या अन्नावर धावणारी बस

गोबरगॅस म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गोठा येतो. गंमत बघा, शेण म्हणजे जनावराने एकदा पचवलेलं अन्न! त्यातला सहज पचणारा भाग आधीच संपलेला असतो. उलट शिळा भात, पोळीचे तुकडे, पिकलेली फळं यांतून गॅस खूप लवकर आणि जास्त मिळतो. पुण्याच्या ‘आरती’ संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी हेच ओळखून घरगुती संयंत्र केलं. 2006 साली त्याला अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला.

शेण लागतं ते सुरुवातीला, विरजणासारखं. बंद टाकीत हवा नसते. तिथे काही जीवाणू अन्नाचं आम्ल करतात आणि दुसरे त्या आम्लापासून मिथेन बनवतात. हे दुसरे फार संथ आणि नाजूक. लग्नघरचं उरलेलं सगळं एकाच दिवशी ओतलंत, तर आम्ल साचतं, टाकी आंबते आणि गॅस पेटेनासा होतो. मग काही दिवस टाकीला उपास! थंडीतही हे जीवाणू मंदावतात; दिल्ली-ग्वाल्हेरकडच्या मंडळींनी हे ध्यानात ठेवावं.

आता मोठं उदाहरण. होळकरांच्या इंदूरमध्ये 19 फेब्रुवारी 2022 रोजी देवगुराडिया भागात रोज 550 टन ओला कचरा घेणारा प्रकल्प सुरू झाला. क्षमता रोज 17,000 किलो सीएनजी आणि 100 टन खत. टाकीतल्या गॅसमध्ये मिथेन साधारण 55 ते 60 टक्के असतो. चुलीला तेवढा चालतो, पण बससाठी कार्बन डायऑक्साइड आणि गंज आणणारा हायड्रोजन सल्फाइड काढून तो दाबून भरावा लागतो.

मला विचाराल, तर खरी करामत यंत्राची नाही, दारातल्या दोन डब्यांची आहे. लखनौला 2003 च्या सुमारास कचऱ्यापासून 5 मेगावॉट वीज करायचा प्रकल्प उभा राहिला होता. माती, दगड, प्लास्टिक मिसळलेला कचरा येत राहिला आणि तो बंद पडला. इंदूरमध्ये ओला कचरा घरातूनच वेगळा निघतो. वेगळा न केलेला कचरा डोंगरावर जाऊन पडतो, तिथेही मिथेन तयार होतोच. फक्त तो हवेत जातो, नाहीतर पेट घेतो.

घरी टाकी बसवणार असाल, तर फिनेलचं पाणी तिच्यात जाऊ देऊ नका, जीवाणू मरतात. करवंट्या आणि सुकी पानंही नकोत. त्यांतलं लिग्निन या जीवाणूंना पचत नाही. त्यांची जागा कंपोस्टच्या खड्ड्यात.