रेणूने घालून दिलेले नियम

त्वचेच्या लिम्फोमावर लावायच्या एका जेलच्या माहितीपत्रकात बुचकळ्यात टाकणाऱ्या दोन सूचना आहेत. रुग्णाने जेल स्वतःच्या हाताने लावलं, तर नंतर हात साबणाने नीट धुवावेत. तेच जेल घरातल्या दुसऱ्या कुणी लावून दिलं, तर त्या व्यक्तीने मात्र नायट्राइलचे, एकदा वापरून टाकून द्यायचे हातमोजे घालावेत आणि ते काढल्यावर हातही धुवावेत. औषध तेच, पाठ तीच. मग एका हाताला मुभा आणि दुसऱ्याला मनाई का? या प्रश्नाचं उत्तर शोधायला निघालं की आपण दोन महायुद्धांतून फिरून रसायनशास्त्राच्या दारात येतो, आणि तिथून परत आल्यावर त्या पत्रकातली प्रत्येक ओळ आपोआप पटते.

औषधाचं नाव मेक्लोरेथामिन. पहिल्या महायुद्धात सैनिकांची कातडी आणि डोळे जाळणाऱ्या मस्टर्ड गॅसचा हा सख्खा चुलतभाऊ. गॅसमध्ये गंधक, याच्यात नायट्रोजन. बाकी बांधणी जवळजवळ सारखी. जेलच्या रूपात त्याला अमेरिकेत ऑगस्ट २०१३ मध्ये आणि युरोपात २०१७ मध्ये मान्यता मिळाली. ते दिलं जातं मायकोसिस फंगॉइडिस या आजारात. नावावर जाऊ नका, बुरशीचा इथे काही संबंध नाही. रक्तातल्या टी पेशी त्वचेत ठाण मांडतात आणि वर्षानुवर्षं संथपणे वाढत राहतात, असा हा लिम्फोमा, म्हणजे लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचा कर्करोग. पॅरिसच्या आलिबेर यांनी १८०६ मध्ये त्याचं पहिलं वर्णन केलं.

नवी मुंबईत लिम्फोमा म्हटलं की आता कार-टी उपचार, म्हणजे रुग्णाच्याच टी पेशी बदलून त्यांना कर्करोगावर सोडणं, आठवतात, आणि ते योग्यच आहे. टाटा मेमोरियलच्या खारघरमधल्या ॲक्ट्रेक या कर्करोग केंद्रातल्या अस्थिमज्जा प्रत्यारोपण विभागात ४ जून २०२१ रोजी देशातला पहिला कार-टी उपचार झाला. पुढे ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते आयआयटी मुंबईत त्याचं लोकार्पण झालं. आयआयटी आणि टाटा मेमोरियल यांच्या या कामगिरीचा मला मनापासून अभिमान वाटतो. पण त्या बातम्यांनी एक गैरसमजही पसरला, की आता सगळ्या लिम्फोमांवर हाच इलाज. तसं नाही. हे उपचार सीडी१९ या खुणेवर नेम धरतात आणि ती खूण बी पेशींवर असते. त्वचेतल्या बिघडलेल्या टी पेशींवर ती नसतेच. त्यामुळे मायकोसिस फंगॉइडिसच्या सुरुवातीच्या टप्प्यात आजही आधार आहे तो त्वचेपुरत्या उपचारांचा: डॉक्टरांच्या देखरेखीखालची स्टेरॉइड मलमं, अतिनील किरण आणि हे जेल.

युद्धातलं विष औषध कसं झालं, याची एक गोष्ट वारंवार सांगितली जाते. २ डिसेंबर १९४३ च्या रात्री जर्मन विमानांनी इटलीतल्या बारी बंदरावर हल्ला केला. जॉन हार्वी या अमेरिकी जहाजात गुपचूप आणलेले मस्टर्डचे सुमारे दोन हजार बॉम्ब होते. जहाज फुटलं, मस्टर्ड बंदरातल्या तेलात मिसळलं आणि जीव वाचवायला पाण्यात उड्या घेतलेली माणसं त्यात न्हाऊन निघाली. त्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी कोसळलेल्या पाहून डॉक्टरांना कल्पना सुचली आणि केमोथेरपी जन्मली, असं सांगतात. गोष्ट सुरेख आहे, पण कालक्रमात बसत नाही. मस्टर्डने पांढऱ्या पेशी घटतात हे अमेरिकेतल्या क्रुंभार यांनी १९१९ मध्येच लिहून ठेवलं होतं. अडेअर आणि बॅग यांनी १९३१ मध्ये मस्टर्ड थेट त्वचेच्या गाठींवर लावूनही पाहिलं होतं. म्हणजे लावण्याचं औषध ही कल्पना टोचण्याच्या औषधाहून जुनी आहे! आणि येल विद्यापीठात लिम्फोमाच्या एका रुग्णाला नायट्रोजन मस्टर्डचं पहिलं इंजेक्शन दिलं गेलं ते ऑगस्ट १९४२ मध्ये, बारीच्या पंधरा महिने आधी. युद्धकाळातल्या गुप्ततेमुळे केसपेपरवर नाव होतं ‘पदार्थ एक्स’. गाठी विरघळल्या, पुन्हा उद्भवल्या आणि काही महिन्यांत रुग्ण दगावला. पण रसायनाने कर्करोग मागे हटतो, हे दिसून गेलं होतं. हे काम करणारे दोघे म्हणजे लुई गुडमन आणि आल्फ्रेड गिलमन. आपल्याकडच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या टेबलावर ज्यांचं जाडजूड पुस्तक असतं, तेच गुडमन-गिलमन. गिलमन यांनी आपल्या मुलाच्या नावात मित्राचं नाव गुंफलं. तो आल्फ्रेड गुडमन गिलमन १९९४ च्या नोबेलचा मानकरी झाला.

मग बारीचं श्रेय काय? ते स्टुअर्ट अलेक्झांडर या तरुण लष्करी डॉक्टरचं आहे आणि ते वेगळ्या कारणासाठी मोठं आहे. रुग्णालयात आणलेली माणसं तेलाने माखलेल्या ओल्या कपड्यांतच ब्लँकेटमध्ये गुंडाळून ठेवली होती. त्यांना मस्टर्ड लागलंय हे कुणाला ठाऊकच नव्हतं. विष तासन् तास कातडीला चिकटून राहिलं. मस्टर्डची बाधा झालेल्या सहाशेहून अधिक जणांपैकी ८३ जण दगावले. कपडे उतरवून अंग धुतलं असतं, तर त्यातले कित्येक वाचले असते. अलेक्झांडर यांनी लक्षणं, माणसं बंदरात कुठे होती आणि किती वेळ भिजली होती, यांची सांगड घालून मस्टर्डचं निदान केलं. चर्चिल यांना ते मान्य नव्हतं. ब्रिटिश नोंदींमध्ये ‘शत्रूच्या कारवाईत भाजणे’ असं लिहिलं गेलं. अलेक्झांडर आपल्या अहवालावर ठाम राहिले आणि युद्धानंतर न्यू जर्सीत साधी प्रॅक्टिस करत राहिले. अमेरिकी लष्कराने त्यांच्या कामाची दखल घेतली ती १९८८ मध्ये. लागलेलं रसायन त्वचेवर किती वेळ राहतं यावर सगळं ठरतं, हा त्यांच्या अहवालातला धडा जेलच्या पत्रकातही शिरलेला आहे.

या इतिहासात आपलीही कातडी भाजली आहे, आणि ते फार थोड्यांना माहीत आहे. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीपासून दहाहून अधिक वर्षं ब्रिटनच्या पोर्टन डाउन प्रयोगशाळेतले शास्त्रज्ञ रावळपिंडीच्या लष्करी तळावर मस्टर्ड गॅसचे प्रयोग करत होते. ब्रिटिश हिंदी सैन्यातले शेकडो जवान त्यात वापरले गेले. भारतीय त्वचा गोऱ्या त्वचेपेक्षा जास्त भाजते का, हे त्यांना बघायचं होतं. अनेक जवान गंभीर भाजले आणि काहींना रुग्णालयात ठेवावं लागलं. ब्रिटिश अभिलेखागारातल्या कागदपत्रांतून ही हकिगत २००७ मध्ये वर्तमानपत्रांत आली. मस्टर्ड आणि त्वचा यांच्याबद्दलच्या ज्ञानाची किंमत कुणी मोजली, हे आपल्या पाठ्यपुस्तकांनी सांगायला हवं.

आता मूळ मुद्दा. मेक्लोरेथामिनच्या रेणूला दोन शाखा आहेत आणि प्रत्येकीच्या टोकाला क्लोरीनचा अणू. क्लोरीन सुटला की तिथे तीन अणूंचं एक ताणलेलं वलय तयार होतं. हे वलय स्वस्थ बसू शकत नाही. समोर जो भेटेल त्याला चिकटतं. पेशीत डीएनएमधला ग्वानिन भेटला तर त्याला. एक शाखा डीएनएच्या एका धाग्याला आणि दुसरी समोरच्या धाग्याला चिकटली, की बॅगेच्या चेनचे समोरासमोरचे दाते तारेने बांधून टाकावेत तसं होतं. चेन तिथून पुढे उघडतच नाही. डीएनए उघडला नाही तर पेशीला दुभंगता येत नाही आणि ती मरते. पण वलयाला आधी पाणी भेटलं, तर ते पाण्याशीच जुळतं आणि औषध वाया जातं.

हे एवढं लक्षात घेतलं की सूचनांचा उलगडा होऊ लागतो. जेल लावताना त्वचा पूर्ण कोरडी हवी. अंघोळीनंतर निदान अर्धा तास थांबायचं आणि लावल्यावर चार तास ती जागा धुवायची नाही. नवी मुंबईच्या दमट हवेत, त्यातही पावसाळ्यात, हे सोपं नाही. घाम टिपून, पंख्याखाली बसून, दिवसातली त्यातल्या त्यात कोरडी वेळ ठरवून घ्यावी लागते. रेणू आपोआपही तुटत जातो, म्हणून ट्यूब २ ते ८ अंशांत, म्हणजे फ्रीजमध्ये ठेवायची. बाहेर काढल्यावर अर्ध्या तासाच्या आत लावायची आणि लगेच परत ठेवायची. उघडलेली ट्यूब साठ दिवसांनी टाकून द्यायची, कितीही उरली असली तरी. वीज बराच वेळ गेली असेल तर वापरण्याआधी फार्मासिस्टला विचारावं. फ्रीजमध्येही ती भाजी-दुधाशेजारी उघडी ठेवू नये. बंद डब्यात, लहान मुलांचा हात पोचणार नाही अशी ठेवावी.

लावल्यावर पाच-दहा मिनिटं वाळू द्यायचं, मग कपडे घालायचे. वरून पट्टी किंवा प्लॅस्टिक बांधायचं नाही, कारण झाकलेल्या त्वचेत औषध ठरल्यापेक्षा जास्त मुरतं. इतर क्रीम किंवा मॉइश्चरायझर यात आणि जेलमध्ये दोन तासांचं अंतर ठेवायचं. जेलमध्ये अल्कोहोल असतं, ते पेट घेतं. म्हणून वाळेपर्यंत गॅसच्या शेगडीपासून, देव्हाऱ्यातल्या समई-उदबत्तीपासून आणि सिगारेटपासून लांब राहायचं. सकाळी अंघोळ, मग पूजा, मग स्वयंपाक असा क्रम असलेल्या घरात जेलची वेळ विचारपूर्वकच ठरवली पाहिजे.

आणि हातमोजे? रुग्णाच्या त्वचेत हे औषध जाणारच आहे, तेच उपचारात अपेक्षित आहे. हाताला लागलेलं जास्तीचं तेवढं धुवून टाकायचं. पण लावून देणाऱ्या बायकोच्या किंवा मुलाच्या बोटांना त्याचा काडीचा फायदा नाही, धोका मात्र पूर्ण आहे. निरोगी पेशीच्या डीएनएलाही हा रेणू तसाच चिकटतो. त्वचा भाजल्यासारखी होऊ शकते आणि पुढे त्वचेच्या दुसऱ्या कर्करोगाची शक्यताही वाढते. म्हणून घरात सून किंवा मुलगी गरोदर असेल तर तिने या जेलला हात लावू नये, आणि गरोदर रुग्णाने ते वापरू नये. डोळ्यात गेलं तर निदान पंधरा मिनिटं भरपूर पाण्याने धुवायचं आणि थेट डॉक्टरांकडे जायचं. मस्टर्डने अंध झालेल्या सैनिकांच्या रांगा आठवल्या की ही सूचना कुणी हलक्यात घेणार नाही.

फायदा किती? २६० रुग्णांवर झालेल्या एका चाचणीत जेल लावणाऱ्यांपैकी ५८.५ टक्के जणांचे चट्टे निम्म्याने किंवा त्याहून अधिक ओसरले. मलमाच्या जुन्या रूपात हे प्रमाण ४७.७ टक्के होतं. औषध रक्तात उतरल्याचं आढळलं नाही, हा मोठा दिलासा. पण जेल लावणाऱ्या पाचांपैकी साधारण एकाला त्वचेच्या दाहामुळे उपचार सोडावे लागले. थोडी लाली येणं अपेक्षित आहे. फोड, जखम किंवा जबर दाह झाला तर लावणं थांबवून डॉक्टरांना कळवावं. बहुधा काही दिवसांनी, तीन दिवसांतून एकदा अशा बेताने पुन्हा सुरुवात करता येते. खाज येते म्हणून स्वतःच्या मनाने वरून दुसरं मलम चोपडू नये.

याच आजारासाठी बेक्सारोटिन नावाचं दुसरंही जेल आहे. ते जीवनसत्त्व अ च्या कुळातलं आणि त्याचे नियम निराळे. ते वापरताना डीट असलेलं डास पळवणारं क्रीम लावू नये, कारण त्याने डीटचा विषारी परिणाम वाढतो. खाडीकाठच्या डासांशी झगडणाऱ्या नवी मुंबईकरांनी क्रीमच्या वेष्टनावरचे घटक वाचावेत. तेही गरोदरपणात चालत नाही. एका जेलचा नियम दुसऱ्याला लावणं हीसुद्धा चूकच.

यापेक्षा मोठी चूक मात्र बरीच आधी, निदानाच्याही आधी होते. भारतीय त्वचेवर हा आजार अनेकदा फिकट, पांढुरक्या चट्ट्यांच्या रूपात येतो आणि कोड, कुष्ठरोग, इसब किंवा गजकर्ण समजला जातो. माणूस केमिस्टकडे जातो, स्टेरॉइड मिसळलेली ट्यूब घेतो, खाज थांबते, चट्टे फिके होतात, परत येतात. यात वर्षं जातात, आणि स्टेरॉइडमुळे बायोप्सीतलं चित्रही पुसट होतं. सरकारने २०१८ मध्ये अनेक स्टेरॉइड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली, तरी ट्यूब सहज मिळतात. इथे मला वसंत रामजी खानोलकर आठवतात. १९५२ मध्ये परळला सुरू झालेल्या ज्या संशोधन केंद्राचं पुढे खारघरचं ॲक्ट्रेक झालं, त्याचे ते पहिले संचालक. धोतराची घट्ट गाठ वर्षानुवर्षं कमरेवर घासून होणारा त्वचेचा कर्करोग त्यांनी सहकाऱ्यासह १९४५ मध्ये जगापुढे मांडला. त्वचेला रोज काय लागतं हे आधी विचारा, ही त्यांची दृष्टी. महिनोन् महिने न हटणाऱ्या चट्ट्यावर आपण रोज काय लावतो आहोत, हा प्रश्न आज प्रत्येक दवाखान्यात पहिला विचारला गेला पाहिजे. असा चट्टा असेल तर ट्यूब बदलत बसण्यापेक्षा त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा आणि बायोप्सी सुचवली तर टाळू नका.

माझी मागणी साधी आहे. असं जेल पहिल्यांदा हातात देताना डॉक्टरांनी किंवा नर्सने रुग्णाबरोबर ते लावून देणाऱ्या माणसालाही बोलवावं, एकदा लावून दाखवावं, मराठीत लिहिलेला कागद द्यावा, आणि त्या कागदावर प्रत्येक सूचनेपुढे तिचं कारणही लिहावं. ‘त्वचा कोरडी ठेवा’ एवढंच सांगितलेलं माणूस चार दिवस पाळतो. पाण्याने औषध मरतं हे कळलं, की तो ते वर्षभर पाळतो.