तुमच्या रक्तदानाचं ऋण

माझ्या पत्नीची बायपास शस्त्रक्रिया नीट पार पडली. आता ती रोज अंगणात फेऱ्या मारते. त्या दिवसांत डबा पोहोचवणाऱ्या शेजारच्या काकू, आयसीयूबाहेर रात्र जागवणारे मित्र आणि एका फोनवर रक्त द्यायला धावून आलेली मंडळी, तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार! 🙏

यानिमित्ताने थोडी माहिती:
🩸 वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन किमान १२.५ असलेली निरोगी व्यक्ती रक्त देऊ शकते.
🩸 पुरुषांना दर ३, तर स्त्रियांना दर ४ महिन्यांनी रक्तदान करता येतं.
🩸 प्लेटलेट्स जेमतेम ५ दिवस टिकतात, त्यामुळे दाते वर्षभर लागतात.

उन्हाळ्यात आणि दिवाळीच्या सुट्टीत शिबिरं कमी होतात. तेव्हा जवळच्या रक्तपेढीत आवर्जून जा.